हवालदारानं रंगवलेली चांदीची माळ

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे पावट्याच्या शेंगा सोलल्या. सोप्यात ऊन आलं होतं, तिथं पोतं अंथरून बसलो, मधे परात. माझी बायको शालन म्हणाली, “तुमी सोलताय कमी आन किडकं दानं परातीत टाकताय जास्त.” मी म्हणालो, “किडकं कोंबड्यांना टाकतोय.” ती म्हणाली, “कोंबड्या काय परातीत बसल्यात व्हय?” एवढंच बोलणं. त्यात सांगण्यासारखं काही नाही, म्हणूनच सांगतोय. दाणे निवडून झाले, ती आमटीला फोडणी द्यायला उठली, भिंतीला हात लावला आणि परत खाली बसली. “जरा पानी द्या,” म्हणाली. मी पाणी घेऊन येईपर्यंत गेली. लोक म्हणतात मरण चांगलं आलं. जिला आलं तिला आलं असेल चांगलं. ज्याच्या हातात तांब्या राहिला, त्याला विचारायला कोण येत नाही.

पण मला रडगाणं लिहायचं नाही. रडायला मला नीट येतही नाही, नाक तेवढं गळतं. लिहायचं आहे ते आमच्या लग्नानंतरच्या पहिल्या थंडीतलं. माझी शाळा चौथीत सुटली, तेव्हा काना-मात्रा जिथं जाईल तिथं जाऊ दे.

आमचा मळा आष्ट्याच्या अलीकडं. घरात वडील, आत्या आणि मी. आई मी रांगत होतो तेव्हाच गेली. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण, नवरा वारल्यावर माहेरी आली आणि घराची मालकीण झाली. मला तिनंच वाढवलं, आणि वाढवलं म्हणजे हाणून वाढवलं. वडील तिला घाबरायचे, बैल तिला घाबरायचे, गुऱ्हाळावरचा गुळव्या तिचं खाकरणं ऐकलं की बिडी पायाखाली विझवायचा. थंडीत आमचं गुऱ्हाळ चालू असायचं. इंजिनाची फटफट पहाटेपासून, चुलाण्यात पाचटाचा जाळ, काहिलीत रस उकळतोय, वरची मळी काढतायत आणि त्या वासानं सगळं घर भरून जायचं. कपड्याला वास, केसाला वास, भाकरीला पण. दुपारी गरम भाकरी, काकवी आणि आत्याचा ठेचा असं एका ताटात असायचं. गोड खाऊ की तिखट खाऊ हे ठरवेपर्यंत ताट रिकामं. आता डॉक्टरनं दोन्ही बंद केलंय. सुनेनं ते कागदावर लिहून फ्रीजला चिकटवलंय, मी तो कागद वाचत वाचत गूळ खातो.

शालन साताऱ्याकडची. डोंगराच्या कडेचं गाव, घरटी एक माणूस मिलिटरीत. तिचा बाप हवालदार होऊन पेन्शनीत आलेला. त्यांना मी मामा म्हणायचो. माणूस सरळ, पण एक खोड होती. दिसेल त्याला रंग द्यायचा. दारापुढच्या दगडांना चुना आणि काव, झाडांच्या बुंध्याला चुना, ट्रंक हिरवी, बादली हिरवी, विहिरीचा रहाट हिरवा. आणि रंग दिला की त्याच्यावर पांढऱ्या अक्षरात नंबर घालायचा. लग्न ठरवायला आम्ही गेलो तेव्हा त्यांच्या म्हशीच्या शिंगाला नंबर बघून वडील मला हळूच म्हणाले, “पोरीच्या पाठीवर नंबर न्हाई ना, ते इचारून घ्यावं का?”

पोरीच्या पाठीवर नव्हता. पण तिच्या ट्रंकेत एक माळ निघाली, तिच्यावर होता. जुन्या बंद्या रुपयांची माळ, राणीछाप आणि राजाछाप, प्रत्येकाला वर कडी डाखलेली, काळ्या गोफात ओवलेली. शालनच्या आईची. आई वारली आणि ती माळ मामांच्या ताब्यात आली, आणि मामांनी तिला अख्खी मिलिटरीचा हिरवा ऑइल पेंट दिला. दोन्ही बाजूंनी. वर पांढऱ्या रंगात एक, दोन, तीन असे नंबर.

आत्यानं ट्रंक उघडली ती भावकीतल्या बायका बसलेल्या असताना. माळ दोन बोटांत धरून वर केली.

“आगं, बापानं कोटाची बटनं दिल्यात का काय?”

बायका हसल्या. शालन नवी नवरी, मान खाली, पण तोंड तेव्हाही बंद राहायचं नाही. म्हणाली, “आत्या, चांदी हाय ती. माज्या आईची माळ हाय.”

“चांदी व्हय? मग लाजून हिरवी झाली आसंल.”

बायका परत हसल्या. आत्याला हसू आलं की ती लगेच निकाल लावायची. म्हणाली, “संक्रांतीला ववसायला जाताना म्हायेरचं डागदागिनं घालून जावं लागतंय. हे आसलं गळ्यात घालून माज्या घरची सून देवळात जानार न्हाई. रंग निगाला तर निगाला, न्हाईतर आष्ट्याच्या सोनाराकडं टाकू, आटवू आन तोडं करू.” सोनाराला तिनं विचारूनही ठेवलं होतं. तो म्हणाला होता, विस्तवात लालबुंद करतो, तेजाबात बुडवतो, घासून देतो, काल पाडल्यासारखे रुपये दिसतील. नाहीतर आटवायला तर काय, आजही या.

दुसऱ्या दिवशी शालन विहिरीवर धुणं आपटत होती, आणि कसं आपटत होती ते ऐकून मी गेलो. म्हणालो, “तोडं तर तोडं, चांदी तीच की.”

तिनं धुणं टाकलं. “तुमाला काय कळतंय? एका रुपायावरच्या राजाला नाकच न्हाई. माज्या आईच्या छातीवर घासून घासून गेलंय ते. ह्या दुसऱ्याची कड म्या दात येताना चावायची. आईचा फोटू न्हाई माज्याकडं, हेच हाय. सोनार घासंल आन हाय तेवढं बी घिऊन जाईल. मला नवं नकोय.”

मी तिच्याकडं बघत राहिलो. आमचं लग्न होऊन चार-दोन महिनेच झाले होते, आणि बायको म्हणजे जेवायला वाढणारं माणूस एवढंच मला माहीत होतं. आई नसलेली आम्ही दोघं, पण माझ्याकडं झिजलेलं असं काहीसुद्धा नव्हतं. म्हणालो, “काडतो रंग. राजाच्या मिशीला धक्का न लावता काडतो.” बोलून गेलो. कसा काढायचा ते काय ठाऊक?

सगळ्यात शेवटच्या नंबराचा रुपया आम्ही सोडवून घेतला, बिघडला तर एकच बिघडावा म्हणून. चिंच आणि मीठ लावलं. रंगाला काही झालं नाही, कडेला जिथं रंग उडाला होता तिथली चांदी मात्र लखलखीत झाली, तर शालन माझ्यावरच चिडली. राख लावू देईना, म्हणाली राख घासते. मग मी डोकं चालवलं. गुऱ्हाळावर रानभेंडीचा चीक टाकला की रसातली सगळी घाण वर येते, मग रुपयाची का येणार नाही? गुळव्याचा डोळा चुकवून भेंडीच्या चिकात रुपया रात्रभर ठेवला. सकाळी रुपया तसाच हिरवा, वर शेंबडासारखा चीक. त्या चिकातून तो बोटांत काही येईना, सारखा सटकायचा, एकदा तर बैलाच्या पुढ्यातल्या वैरणीत गेला. आम्ही दोघं वैरण उपसतोय आणि बैल आमच्याकडं बघत चावतोय. शालन म्हणाली, “गिळला तर चार दिस मागनं फिरा आता.” तो सापडला ते बैलाचं नशीब. मग मी वैतागून चाकू काढला. तिनं माझं मनगट धरलं. “चाकू लावलासा तर म्या बाला सांगीन. बा यील आन तुमाला बी हिरवं करून नंबर घालंल.”

मिरजेची आठवण मला तेव्हा आली. गुळाच्या गाडीबरोबर एकदा गेलो होतो, तेव्हा सतारी करणाऱ्यांच्या गल्लीत एक म्हातारे चाचा जुन्या तंबोऱ्याचा रंग काढत बसलेले बघितले होते. खरवडत नव्हते. फडकं ओलं करून नुसतं ठेवत होते, आणि रंग आपोआप उठत होता. पण मिरजेला जायचं तर आत्याला काय सांगायचं? मिरजेला माणूस जातो ते दवाखान्यात. मी गालाला उपरणं बांधलं आणि दाढ दुखते म्हणून सोप्यात लोळलो. आत्यानं आधी लवंग दिली, मग मिठाच्या गुळण्या, मग कुठला तरी पाला असा दाबला की खरंच दाढ दुखायला लागली. शेवटी म्हणाली, “जा बाबा मिरजंला.”

चाचांनी माझ्या हातातला तो एक रुपया उलटासुलटा केला आणि पोट धरून हसले. “चांदीला पेंट? किसने किया?” मी म्हणालो, “सासऱ्यानं.” ते म्हणाले, “फौजी आहे काय?” मी म्हणालो व्हय. मग त्यांनी कोपऱ्यावरच्या पेंटराकडनं बाटली भरून थिनर आणून दिलं. आमचं स्पिरिट लाखेच्या रंगाला, ह्या रंगाला हेच लागतं म्हणाले. झाकणाच्या बरणीत घाल, रुपये बुडव, बसू दे. विस्तवाजवळ नेऊ नको, कोंडलेल्या खोलीत उघडू नको. रंग फुगला की बांबूच्या काडीनं उचल, लोखंड लावू नको. मग रिठ्याच्या पाण्यात बुडव, मऊ फडक्यानं टिप. “घासायचं नाय बेटा. टिपायचं.” पैसे घेतले नाहीत. म्हणाले, सासऱ्याला इकडं पाठवू नको म्हणजे झालं, माझ्या सतारी हिरव्या करेल.

आता झाकणाची बरणी घरात एकच, आत्याची लिंबाच्या लोणच्याची. शालननं लोणचं गाडग्यात काढलं, बरणी धुतली, वाळवली, माळ आणि तो सुटा रुपया आत सोडला, वरून थिनर ओतलं. गुऱ्हाळाचा जाळ एका अंगाला म्हणून आम्ही बरणी दुसऱ्या अंगाला गोठ्यात वैरणीखाली लपवली. गोठा चहूबाजूंनी उघडा. सगळं चाचांनी सांगितल्याप्रमाणं. एक गोष्ट विसरलो. आमच्या कोंबड्या त्याच वैरणीत अंडी घालायच्या आणि अंडी आत्या गोळा करायची.

भोगीच्या दिवशी सकाळी आत्याची हाक आली. ती हाक ऐकून इंजिनसुद्धा दम धरतंय असं वाटलं. आम्ही दोघं धावलो. आत्याच्या एका हातात अंडी, दुसऱ्या हातात बरणी. तिनं झाकण उघडलं, वास घेतला आणि डोकं मागं झटकलं. “आगं बया बया! माज्या लोनच्यात काय घातलंसा?”

“औषद हाय, आत्या,” मी गालाला हात लावून म्हणालो. “मिरजंचं. दातावरचं.”

तिनं झाकण लावून बरणी हलवली. आत खळखळ वाजलं. “आन औषदात काय वाजतंय?”

शालननं पदर सारखा केला आणि शांतपणे म्हणाली, “त्यांचा दात हाय.”

“कुनाचा?”

“ह्यांचा. डाक्टरनं काडलाय. औषदात भिजत ठेवायला सांगितलंय, मग परत बसवनार हायत.”

“एकला दात एवडा वाजतोय?”

“दाढ हाय, आत्या.”

आत्या माझ्याकडं वळली. “आ कर.” मी जबडा मिटून नुसतं हूं हूं केलं. शालन म्हणाली, “सुजलंय त्यांचं, उघडत न्हाई.” आत्या म्हणाली, “बरं. मग औषद लाव त्येला. माज्या म्होरं लाव.” मी शालनकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत हसू असं दाटलं होतं की आता फुटतंय का मग. पण तिनं पदराचं टोक बरणीत बुडवलं आणि माझ्या गालावर दाबलं. विस्तव ठेवावा तसं झोंबलं. डोळ्यांतून पाणी आलं, ते तरी खरं होतं. आणि पदर उचलला तर आत्या माझ्या गालाकडं टक लावून बघायला लागली. बरणीतल्या सगळ्या रुपयांचा रंग त्या थिनरात उतरला होता. माझा गाल कानापर्यंत मिलिटरीचा हिरवा.

एक कोंबडी तेवढी बोलली.

“दात हिरवा हुता व्हय रं तुजा?” आत्या म्हणाली. बरणी तिनं शालनच्या हातात दिली. “दाताचं काय आसंल ते आजच उरका. उद्या सन हाय.” आणि अंडी घेऊन गेली.

तिला कळलं का नाही, हा वाद आम्ही दोघांनी जन्मभर घातला. शालन म्हणायची बरणी हलवली तेव्हाच कळलं. मी म्हणायचो गाल बघून. पण कळून तिनं सोडलं असेल तर फुकट सोडलं नाही. त्या दुपारी भोगीचं जेवण होतं. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा, वांगं, गाजर, हरभरा, पावटा घालून केलेली लेकुरवाळी भाजी. आत्यानं माझ्यापुढं तांदळाची पेज ठेवली. “दात काडलाय न्हवं? चावू नगं.” स्वतः माझ्यासमोर बसली आणि प्रत्येक घासाला म्हणाली, आज भाजी काय झालीया!

पेज पिऊन आम्ही विहिरीवर बसलो. बरणीतून माळ काढली तर रंग दुधावरच्या सायीसारखा सुरकुतला होता. बांबूची काडी लावली की पापुद्रा उचलून यायचा, नंबरासकट. आधी तीन नंबर गेला, मग सात. एकेका नंबराखालून एकेक राजा बाहेर यायचा. खाचाखोचांत थोडं काळं राहिलं होतं, मी ते कोरायला गेलो तर शालन म्हणाली, “ऱ्हाऊ द्या ते. काळं हाय म्हनून तर मानूस दिसतोय.” रिठ्याच्या फेसात बुडवून काढले, माझ्या जुन्या धोतराच्या फडक्यावर एकेक टिपून ठेवला. बिननाकाचा राजा निघाला तेव्हा तिनं तो हातात घेतला, टिपलाही नाही, तसाच ओला गालाला लावला. मी उगाच विहिरीत खडे टाकत बसलो.

संक्रांतीला शालन काळी चंद्रकळा नेसून, ती माळ घालून आत्याच्या मागं देवळात गेली. मी बाहेर चपला राखायला. भावकीतली एक काकू वाकून माळ बघत म्हणाली, “चांदी हाय की खरं! पर मळकी दिसतीया. राखंनं घासली आसती तर उजळली आसती.” आत्या गर्रकन वळली. “घासाय काय पितळंचं ताट हाय? बाईच्या अंगावर झिजलेली चांदी हाय ती. तुज्या अंगावर काय झिजलंय ते दाव आदी.” त्यानंतर सोनाराचं नाव आमच्या घरात निघालं नाही.

त्याच दुपारी साताऱ्याच्या एसटीनं मामा आले, लेकीला संक्रांतीचं वाण घेऊन. त्यांनी आधी शालनच्या गळ्याकडं बघितलं. मामा बाजेवर बसले, टोपी गुडघ्यावर ठेवली.

“रंग काडलासा.”

“व्हय, बा.”

“चांगला रंग हुता.” मग आत्याकडं न बघता आत्याला म्हणाले, “आवं, ती हुती तवर माळ अशीच पांढरी हुती. कवा घासल्याली मला आठवत न्हाई. ती गेली आन म्हैन्यात काळी पडाया लागली. खुंटीला आडकवल्याली दिसायची, रोज जरा जास्त काळी. मला बघवंना. काळं पडाया लागलं की रंग द्यायचा, एवडंच मला ठावं.”

आत्यानं काही टोमणा मारला नाही. तिनं त्यांच्या गुळाच्या पोळीवर तुपाची वाटी उपडी केली. आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच मामा पहिल्या एसटीनं गेल्यावर बघतोय तर आत्याचं कोंबड्यांचं खुराडं हिरवं झालेलं, वर नंबर एक. कुठंही जाताना पिशवीत रंगाचा डबा असायचा त्यांच्या. आत्या दिवसभर शिव्या घालत होती, पण ते खुराडं मोडेपर्यंत तिनं तो रंग काढू दिला नाही.

शालननं ती माळ पुढं कधी उतरवली नाही. उसात, बाळंतपणात, दवाखान्यात. सिस्टर म्हणायच्या काढा, ही म्हणायची सुई लावायची ती दंडाला लावा. आता तिला उचलायच्या आधी सुनेनं ती काढून माझ्याकडं दिली. सून शहरात विश्रामबागेत राहते, येऊन-जाऊन असते, चांगली आहे, मनानं हळवी आहे. डोळे पुसत म्हणाली, “आबा, मी टूथपेस्टनं स्वच्छ करते आणि लॉकरमध्ये ठेवते. पिशवीत घालून ठेवली की काळी पडत नाही.” मी म्हणालो, “बघू.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विहिरीवर आंघोळ केली, माळ गळ्यात घातली, वरून बनियन, वरून सदरा, गुंड्या गळ्यापर्यंत लावल्या. आणि सोप्यात दुखवट्याला माणसं येऊन बसली होती, त्यांच्यात जाऊन बसलो.